पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सोलापूरकडचं. तिकडे कपाटाला वारा द्यावा लागतो हेच मला माहीत नव्हतं, लग्न होऊन रत्नागिरीजवळ आले, जांभ्या दगडाचं कौलारू घर, मागे डोंगर, पुढे माड-पोफळी, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. पहिल्याच दिवाळीला पेटी उघडली तर आईने दिलेल्या रेशमी साडीच्या घडीवर सरळ रेषेत पांढरा बुरा धरलेला. ती साडी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या टाकून, अगदी जिवापाड जपून ठेवली होती. त्यानंतर सासूबाईंकडून, शेजारणींकडून आणि थोडं वाचून जे शिकले ते इथे लिहितेय, कारण पावसाळा आला की नात्यातल्या, ओळखीच्या सगळ्यांचे तेच तेच प्रश्न येतात. मुंबई, ठाणे, वसई, पनवेल, गोवा, कुठेही राहत असाल तरी बरंचसं लागू पडेल.

कपडे स्वच्छ धुतले, वाळवले, इस्त्री करून ठेवले, तरी महिनाभराने कुबट वास का येतो?

कारण कापड वाळलं तरी ते हवेतलं पाणी परत ओढून घेत असतं. सुती कापड आपल्याला अगदी कोरडं वाटत असतानाही त्याच्या वजनाच्या 7-8 टक्के पाणी त्याच्यात असतंच, आणि हवा आणखी दमट झाली की हे प्रमाण वाढतं. म्हणजे कपाटात 20 किलो सुती कपडे असतील तर दीड किलोच्या आसपास पाणी त्या कपड्यांतच बसलेलं आहे असं समजा. लोकर तर सुतीच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरते, रेशीम मधलं, आणि पॉलिस्टर जवळपास काहीच धरत नाही. म्हणून एकाच कपाटात सुती चादरीला वास येतो आणि शेजारच्या सिंथेटिक साडीला येत नाही.

हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशीला वाढायला पुरेसं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात 85-90 टक्के तर रोजचंच. त्यात कपड्यावर थोडा घाम, साबणाचा अंश, खळ, त्वचेचं तेल राहिलेलं असलं की बुरशीला जेवणही मिळालं. वास हा त्याचाच. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच की सुगंध घालायच्या मागे लागू नका, पाणी बाहेर काढायच्या मागे लागा.

कपडा पूर्ण वाळलाय हे ओळखायचं कसं? हाताला तर कोरडा लागतो.

हाताला फसायला होतं, कारण पावसाळ्यात हातच दमट असतात. कपडा गालाला किंवा वरच्या ओठाला लावून बघा, जरा जरी गार लागला तरी आत पाणी आहे. आणि मधल्या कापडाला लावू नका, ते आधी वाळतं. परकराचा, सलवारीचा नेफा, जीन्सच्या खिशाची आतली बाजू, शर्टाची कॉलर, ब्लाउजच्या काखेतली शिवण, टॉवेलची कड, ही ठिकाणं बघा. माझा अनुभव असा की शंभरातले नव्वद वेळा वास याच जागांपासून सुरू होतो, एक नेफा ओला राहिला की त्याच्या वरखालच्या चार घड्या घेऊन बसतो.

इस्त्री केलेले कपडेही लगेच कपाटात ठेवू नका. पाणी शिंपडून किंवा स्टीमची इस्त्री केलेली असते, तेव्हा तासभर पंख्याखाली खुर्चीवर पसरून ठेवा आणि मग घडी करा. कपडे इस्त्रीवाल्याकडून गठ्ठा बांधून येतात ना, तो गठ्ठा तसाच आत ठेवायची सवय तर अगदी मोडाच.

आमच्या घरात दमटपणा जास्त आहे की नाही हे कसं कळणार?

स्वयंपाकघरातलं जाडं मीठ बघा. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटायला लागतं, हे मिठाचं ठरलेलं आहे. एका वाटीत चमचाभर जाडं मीठ घालून ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवा. मीठ खडखडीत राहिलं तर दमटपणा निदान 75 च्या खाली आहे, चकाकायला लागलं तर सावध व्हा, तळाला पाणी दिसलं तर त्या कप्प्यातले कपडे आजच बाहेर काढा. सासूबाई हे पापडावरून ओळखायच्या, डब्याबाहेर ठेवलेला भाजका पापड किती वेळात सादळतो त्यावरून.

आकडा हवा असेल तर दमटपणा मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, फार महाग नसतो, तो कपाटातच ठेवा, हॉलमध्ये नको. 60 च्या खाली असेल तर काळजी नाही. माझ्या कपाटात जुलैत 82 दाखवायचा आणि बाहेर पडवीत 88, म्हणजे कपाटाचं दार बंद ठेवून मी कपडे वाचवतेय असं जे मला वाटायचं त्यात फारसा अर्थ नव्हता.

कपाट भिंतीला टेकून आहे आणि मागची भिंत ओली वाटते. ओल भिंतीतून येतेय की हवेतून?

हे आधी शोधायलाच हवं, नाहीतर बाकीचं सगळं करून उपयोग शून्य. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय, कुठेतरी गळती आहे, बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा पलीकडे बाथरूमचा पाइप आहे. बाहेरच्या बाजूला, आपल्याकडे, ओलसरपणा दिसला तर हवेतलं पाणी गार भिंतीवर बसतंय.

तळमजल्यावर खालच्या दोन-तीन फुटांतच रंगाचे पोपडे आणि पांढरी खारट भुकटी दिसत असेल तर ती जमिनीतून वर चढणारी ओल. त्यावर वरून रंग मारून काही होत नाही, उलट पाणी आत अडकतं. जांभ्याचा दगड तर सच्छिद्रच, तो पाणी पितो, म्हणून आमच्याकडे पावसाच्या झडीच्या बाजूच्या भिंतीला कपाट लावायचंच नाही असा घरात नियम आहे.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल, तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा आणि खाली विटा किंवा लाकडी ठोकळे देऊन जमिनीपासून उचला. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. भिंतीत बसवलेला वॉर्डरोब असेल आणि मागची भिंत बाहेरची असेल तर मागच्या बाजूला कपडे टेकू देऊ नका, हँगर आणि भिंत यात हात जाईल एवढी जागा ठेवा.

लोखंडी कपाट चांगलं की लाकडी?

दोन्हीत वास येतो, फक्त येण्याची पद्धत वेगळी. लोखंडी पत्रा रात्री गार पडतो आणि आतली दमट हवा त्याच्यावर थेंब होऊन बसते, मग पत्र्याला टेकलेला कपडा ओला होतो, शिवाय गंज लागला तर तांबूस डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही. म्हणून लोखंडी कपाटात प्रत्येक कप्प्यात जुनी सुती चादर किंवा ब्राउन पेपर अंथरा, मागेही एक पदर सोडा. लाकूड आणि प्लायवूड ओल शोषतं, थेंब दिसत नाहीत पण बुरशी लाकडालाच लागते आणि कपडे बदलले तरी वास कपाटाचाच येत राहतो. अशा वेळी कपाट पूर्ण रिकामं करून आतून व्हाइट व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून दोन दिवस उघडं ठेवा. पाण्याने धुवू नका.

आणि कपाट गच्च भरू नका, कुठलंही असो. वरच्या बाजूला वीतभर जागा मोकळी हवी.

डांबरगोळ्या टाकल्या तर वास जातो ना?

नाही. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, ती कसर आणि किडे दूर ठेवते, ओलीवर तिचा काहीही उपयोग होत नाही. बुरशीचा वास आणि त्यावर डांबरगोळीचा वास, असे दोन वास एकत्र होतात एवढंच. माझ्या साडीचं जे झालं ते तुम्हाला सांगितलंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधडीत डांबरगोळी कधीही ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, जी-सिक्स-पीडी म्हणतात तिला, आणि अशा बाळाला नॅफ्थलीनच्या वाफेने किंवा तशा कपड्यांच्या संपर्काने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं. जुने, जपून ठेवलेले बाळंतविडे बाहेर काढताना गोळ्यांचा वास येत असेल तर ते धुऊन, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. घरात रांगणारं मूल असेल तर त्या पांढऱ्या गोळ्या त्याला गोळी-चॉकलेटसारख्या दिसतात हेही लक्षात असू द्या. कापराचंही तेच, पोटात गेला तर विषारी आहे. आणि डांबरगोळी आणि कापूर एकत्र ठेवू नका, एकमेकांना लागून मऊ पडतात आणि कपड्यावर डाग राहतो.

मग वेखंड, कडुनिंबाचा पाला, वाळा, लवंग हे जुने उपाय?

किडीसाठी चांगले आहेत. वेखंडाचे सुकलेले तुकडे सुती पुरचुंडीत बांधून रेशमी आणि लोकरी कपड्यांत ठेवतात, मीही ठेवते. कडुनिंबाचा पाला मात्र सावलीत पूर्ण कुरकुरीत सुकवलेला हवा. ओला किंवा अर्धवट सुकलेला पाला कपाटात ठेवला तर तुम्ही स्वतःच्या हाताने कपाटात ओल नेऊन ठेवलीत, आणि असं करणारे खूप जण बघितलेत मी. वाळ्याची जुडी सुगंधाला छान, माझी आवडती आहे, पण तीही दर उन्हाळ्यात उन्हात टाकायची. या सगळ्या गोष्टी कोरड्या कपाटात शोभून दिसतात, ओल्या कपाटाला त्या कोरडं करत नाहीत.

सिलिका जेल, पाणी शोषणाऱ्या डब्या, कोळसा, तांदूळ, मीठ, यातलं नक्की काय चालतं?

बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या इवल्याशा पुड्या कपाटाला पुरत नाहीत. त्यात दोन-पाच ग्रॅम जेल असतं, ते स्वतःच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी घेईल, म्हणजे फार तर दीड ग्रॅम, आणि वर बघितलंत ना की कपड्यांतच किलो-दीड किलो पाणी आहे. लहान डब्यात, म्हणजे साडीची बंद पेटी, शालीचा डबा, तिथे 50-100 ग्रॅमची थैली ठेवली तर काम करते. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे भरलं की कळतं, मग ओव्हनमध्ये 120 डिग्रीला दीड-दोन तास ठेवलं की परत वापरता येतं. त्यातलं नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं, ते तब्येतीला चांगलं नाही.

कपाटासाठी कॅल्शियम क्लोराईडच्या डब्या जास्त चांगल्या, त्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतात आणि खालच्या भागात ते साठलेलं दिसतं. आमच्याकडे जुलैत एक डबी तीन आठवड्यांत भरली होती आणि ते पाणी बघून माझे सासरे, जे आधी या सगळ्याला नाही म्हणत होते, ते पुढची डबी स्वतः घेऊन आले. पण ते पाणी सांडलं तर रेशमाचं आणि चामड्याचं नुकसान करतं, म्हणून डबी कायम तळाच्या कप्प्यात, सपाट, एका ताटलीत. आणि कपाटाचं दार घट्ट लागत असेल तरच तिचा उपयोग, फटी असतील तर ती सगळ्या घराची हवा सुकवायला बघते आणि आठ दिवसांत भरते.

कोळसा वास थोडा धरतो, पाणी फारसं नाही. मिठाचं वर सांगितलं, ते 75 टक्क्यांपर्यंत गप्प बसतं आणि तोवर बुरशी सुरू झालेली असते. तांदूळ नको, टोके होतात. चुनकळी काही जण ठेवायचे पूर्वी, पाणी लागलं की ती भयंकर तापते, अजिबात ठेवू नका.

कपाटात बल्ब लावून ठेवतात ते बरोबर आहे का?

त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. हवा चार डिग्रीने तापली, समजा 28 ची 32 झाली, तर 90 टक्के दमटपणा 70-72 वर येतो, पाणी तेवढंच असलं तरी. पण पिवळा बल्ब कपड्याला टेकला तर आग लागते, आणि एलईडी बल्ब लावून काही होत नाही कारण तो फारसा तापत नाही. मी बल्ब लावत नाही. त्यापेक्षा दिवसाआड दुपारी कपाटाची दारं सताड उघडून टेबल फॅन समोर ठेवते तासभर, खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवून त्याच वेळी दारं उघडा, हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि ज्यांच्याकडे एसी आहे ते हा करत का नाहीत हे मला कळत नाही.

पावसात खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

झड असताना बंद. उघडीप मिळाली, ऊन पडलं की दुपारी अकरा ते तीन उघड्या. सकाळी लवकर आणि संध्याकाळनंतर हवा सगळ्यात दमट असते, तेव्हा "वारा येऊ दे" म्हणून खिडकी उघडली की ओलच आत येते. आणि ज्या खोलीत कपाट आहे त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दोन-अडीच लिटर पाणी असतं, ते सगळं त्या खोलीच्या हवेत जातं आणि मग कपाटातल्या चादरी ते पितात. जागेची अडचण मलाही माहीत आहे, वन-रूम-किचनमध्ये दुसरी खोली आणायची कुठून, तर मग निदान वाळत घातलेल्या कपड्यांवर पंखा आणि त्या वेळेत कपाट बंद, एवढं करा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं की नाही? आणि व्हॅक्यूम बॅग?

प्लॅस्टिक जे आत आहे तेच कोंडून ठेवतं. पावसाळ्यात दमट कपडे आत घातलेत तर ओल कोंडली जाते, मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळवलेले घातलेत तर कोरडेपणा कोंडला जातो. म्हणून स्वेटर, ब्लँकेट, जादा चादरी, पाहुण्यांची अंथरुणं हे सगळं आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या कामांबरोबरच, लोणची-पापडांच्या त्याच दिवसांत, उन्हात घालायचं, दोन्ही बाजूंनी, आणि दुपारी चारच्या आत उचलायचं. सहा वाजेपर्यंत बाहेर राहिलं तर संध्याकाळची दमट हवा त्यात परत शिरते. उचलल्यावर घरात अर्धा तास निवू द्या आणि लगेच व्हॅक्यूम बॅगेत भरून हवा काढा. असं भरलेलं माझं ब्लँकेट डिसेंबरात काढलं तेव्हा त्याला उन्हाचा वास होता, खरंच.

जून लागल्यावर मात्र काहीही प्लॅस्टिकमध्ये भरू नका. रेशीम, जरी, भरजरी ब्लाउज तर कधीच नाही.

पैठणी, शालू, जरीच्या साड्या कशा ठेवायच्या?

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या किंवा सुती कापडात गुंडाळून. एका कापडात एकच साडी. खऱ्या जरीत चांदी असते आणि ती ओलीने, घामाने, अत्तराने काळवंडते, म्हणून साडीवर परफ्यूम मारू नका, डांबरगोळी तिला टेकवू नका, साडीला रबरबँड लावू नका आणि लोखंडी हँगरला टांगू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते.

साडी नेसून आल्यावर लगेच घडी करून ठेवायची नाही, एक रात्र दोरीवर सावलीत पसरून घाम सुकू द्यायचा. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालायची. माझ्या साडीवर बुरा सरळ रेषेत का आला होता ते मला पुढे कळलं, घडीच्या कडेला कापड दबून राहतं, हवा लागत नाही, आणि तिथेच रेशीम चिरतंही. ती साडी मी मऊ ब्रशने झाडून, सावलीत वारा देऊन, ड्रायक्लीनला देऊन वाचवली, पण पदराच्या एका घडीवर फिकट रेघ अजून आहे.

कडक उन्हात रेशीम घालू नका, रंग उडतो. सकाळचं कोवळं ऊन आलेल्या खोलीत, सावलीत.

खळ घातलेले सुती कपडे?

खळ काढून, धुऊन ठेवा. खळ म्हणजे पिठूळ, ती बुरशीलाही आवडते आणि कसरीलाही. नेसायच्या आधी घाला.

वास आलाच आहे, आता काय करू?

परत नुसतं धुऊन चालत नाही, हा बऱ्याच जणींचा अनुभव आहे, की वाळल्यावर बरा वाटतो आणि घाम आला की तोच वास परत. ओलसर राहिलेल्या कपड्यांच्या वासामागे बुरशीबरोबर एक जिवाणूही असतो, मोराक्झेला ऑस्लोएन्सिस, तो कपडा वाळला तरी मरत नाही आणि साध्या गार पाण्याच्या धुलाईतही टिकतो. त्याला उष्णता लागते. सुती कपडे, टॉवेल, चादरी 60 डिग्रीच्या गरम पाण्यात, साबणात थोडी ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेल्या ब्लीचची) पावडर घालून अर्धा-एक तास भिजवा आणि मग धुवा, भरपूर पाण्यातून खळबळून काढा. साबण जास्त घालू नका, उरलेला साबण कापडात बसून वास वाढवतो. रंगीत कपड्यांचा रंग आधी कोपऱ्यावर तपासा.

व्हिनेगर वापरायचं तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी, पण क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीच नाही, दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धुतल्यावर लगेच वाळत घालणं. मशीन संपल्यावर कपडे चार तास आतच राहिले तर धुतलेलं वाया. पावसाळ्यात स्पिन एक वेळ जादा द्या, दोन कपड्यांत मुठीएवढं अंतर ठेवा, जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, पंखा लावा. ज्या दिवशी वाळणार नाही त्या दिवशी टॉवेल-चादरी धुवायला काढूच नका. सुती कपडा अर्धवट वाळला की गरम इस्त्री फिरवून परत पंख्याखाली घालणं हाही चांगला मार्ग आहे.

फॅब्रिक कंडिशनर जास्त घातलं तर?

दोन दिवस छान वाटतं. त्याचा थर टॉवेलवर बसतो, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि वास थराखाली तसाच राहतो. वास येणाऱ्या कपड्यांना घालूच नका.

काळे ठिपके पडलेत, जातील का?

नवे असतील तर बऱ्याचदा जातात. कपडा घराबाहेर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, कोरडाच झटका आणि ब्रश करा, घरात झटकलात तर ती भुकटी बाकीच्या कपड्यांवर बसते, आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम करूच नये. पांढऱ्या सुतीला लिंबू-मीठ लावून कडक उन्हात घालणं हा जुना उपाय खरंच चालतो, नंतर गरम पाणी आणि ऑक्सिजन ब्लीच. क्लोरीनचं ब्लीच रेशमाला, लोकरीला आणि ताणल्या जाणाऱ्या (स्ट्रेच) कपड्यांना लावू नका, कापड जळतं. ठिपके जुने होऊन कापडाच्या धाग्यात उतरले असतील तर पूर्ण जात नाहीत, बुरशी मेली तरी रंग राहतो, अशा चादरीचं मी फडकं करते.

गावचं घर गणपतीनंतर बंद असतं, शिमग्याला किंवा मे महिन्यात उघडलं की गाद्या-पांघरुणांना भयंकर वास. काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आमच्या वाडीतली निम्मी घरं चाकरमान्यांची आहेत. यात खरी चूक गणपतीत होते. गणपतीला आलात, भर पावसात अंथरुणं वापरली, आणि विसर्जन झाल्यावर मुंबईची गाडी पकडायच्या घाईत ती तशीच दमट घडी करून पेटीत टाकली, कुलूप लावलं. पाऊस परत जायला ऑक्टोबर उजाडतो, तोवर ती पेटीत बंद. तेव्हा शक्य असेल तर गणपतीची अंथरुणं पेटीत घालूच नका, दोरीवर किंवा खाटेवर सुटी पसरून ठेवा, घडी नको, आणि ऑक्टोबरच्या उन्हात शेजारच्या कुणाला तरी एक दिवस घालायला सांगा. शेजारधर्म गावात अजून आहे, फक्त किल्ली देऊन ठेवायला हवी.

कापसाची गादी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, खाटेवर किंवा बाकावर उभी-तिरकी ठेवा, वरून जुनी सुती चादर, प्लॅस्टिक नको. सगळी दारं-खिडक्या ठासून बंद करू नका, माळ्याचा झरोका किंवा जाळीची एखादी खिडकी उघडी राहू द्या. आणि मे महिन्यात कौलं परतून घ्या, एक फुटकं कौल पेटीच्या बरोबर वर असलं की बाकी सगळं व्यर्थ.

पुराचं पाणी लागलेले कपडे वाचतात का?

लवकर हात लावला तर पुष्कळ वाचतात. 22 जुलै 2021 ला चिपळूणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही नात्यातल्या एका घरी मदतीला गेलो होतो, कपाटातल्या घड्यांमध्ये बोटभर चिखल होता. बुरशी 24 ते 48 तासांत सुरू होते, म्हणून पहिलं काम घड्या उकलायचं, वाळायची वाट बघायची नाही. आधी नुसत्या पाण्याने चिखल पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं, चिखलावर साबण लावला तर डाग धरतो. मग गरम पाणी-साबण, पांढऱ्या सुतीला ब्लीच. त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, हातमोजे घाला. कापसाच्या गाद्या-उशा मात्र सोडून द्या, आतून त्या कधीच सुकत नाहीत. तिथे एका आजींची नऊवारी आम्ही तिघींनी मिळून विहिरीवर सात पाण्यांतून काढली होती, पुढच्या दसऱ्याला त्यांनी ती नेसली.

स्वेटर-शालींना बारीक भोकं पडतात, हेही ओलीमुळे का?

ते कसरीचं काम, अळी लोकर आणि रेशीम खाते. तिला घामाचे, अन्नाचे डाग असलेले कपडे जास्त आवडतात, म्हणून वर्षभर ठेवायचं लोकरी कापड धुऊनच ठेवा, "एकदाच तर घातलं होतं" म्हणून नको. वेखंड ठेवा आणि वर्षातून दोनदा उन्हात झटका.

वॉशिंग मशीनलाच वास येतो.

मग त्यात धुतलेल्या प्रत्येक कपड्याला येणार. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराभोवतीचं रबर बोटाने उलटं करून बघा, तिथे काळा बुळबुळीत थर असतो. तो पुसून काढा, महिन्यातून एकदा मशीन रिकामं सगळ्यात गरम पाण्यावर चालवा आणि धुणं झालं की दार व साबणाचा खण उघडा ठेवा.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, घ्यावा का?

भिंतीतून ओल येत असेल तर आधी तिथे पैसे घाला. ती नसेल, घर तळमजल्यावर आहे, ऊन येत नाही, घरात दम्याचं कुणी आहे, तर घ्या, पण खोलीच्या मापाचा कॉम्प्रेसरवाला घ्या, कपाटात ठेवायचे छोटे विजेवरचे डबे दिवसाला जेमतेम पेलाभर पाणी काढतात. चालवताना खिडक्या बंद आणि कपाटाची दारं उघडी. बरेच जण नेमकं उलटं करतात.